मळीचा वास कुठे जातो?

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे ठिकाण मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरकुशीत आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यातील धबधबा यांमुळे ते सर्वांना परिचित आहे. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. त्याच दिवसांत भोवतालच्या गावांमधून दुसरीही एक हालचाल सुरू झालेली असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ असेच म्हणतात. या भागातील शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतर वर्गातील किती बाके रिकामी होतात, हे त्यांना हजेरीपटावरून कळतेच.

या मुलांचे आईवडील तोडतात त्या उसाचे पुढे काय होते? ‘साखर होते,’ हे उत्तर कोणीही देईल. पण ते उत्तर अपुरे आहे. एक टन उसापासून सुमारे शंभर किलो साखर मिळते आणि जवळजवळ चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी उरते. (येथे मळी म्हणजे मोलॅसिस. शेतात खत म्हणून टाकतात त्या प्रेसमडलाही काही ठिकाणी मळी म्हणतात, ती ही नव्हे.) काळपट, दाट, चिकट अशा या पाकातून आणखी साखरेचे स्फटिक काढणे परवडत नाही, पण त्यात साखर पुष्कळ शिल्लक असते. ती आंबवली की अल्कोहोल मिळते. एक टन उसाच्या मळीतून साधारण दहा लिटर.

हीच मळी कॅरिबियन प्रदेशातील जमैका, बार्बाडोस, गयाना या उसाच्या देशांतही तयार होते. तिथे तिच्यापासून ‘रम’ नावाचे मद्य बनते. जमैकाला १९६२ साली स्वातंत्र्य मिळाले. त्या सुमारास पिंपांत भरून ठेवलेली रम ॲपलटन इस्टेटने २०१२ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बाहेर काढली. बाटल्या भरल्या अवघ्या आठशे, आणि एका बाटलीची किंमत होती सुमारे पाच हजार डॉलर!

कच्चा माल एकच. रासायनिक सूत्र पाहावे तर अल्कोहोलही एकच : दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. मग फरक कशात आहे? फरक वासात आहे. जुन्या रमची चव पारखणारा माणूस खरे म्हणजे हा वासच वाचत असतो. तो वास कोठून येतो आणि आपल्या कारखान्यात तो कुठे जातो, हे समजून घेण्यासाठी शालेय रसायनशास्त्र पुरेसे आहे. रमची चव घेण्याची त्यासाठी काहीच गरज नाही.

आंबवण्यातील घाई आणि सबुरी

आपल्याकडील आसवनीत मळीत पाणी घालून तिच्यात यीस्ट सोडतात. साधारण एक ते दीड दिवसात आंबवण पूर्ण होते. यीस्टने साखरेचे अल्कोहोल करावे, दुसरे काही करू नये, अशी तेथील रसायनतज्ज्ञाची अपेक्षा असते. इतर जिवाणू शिरले तर साखर वाया जाते आणि उतारा घटतो. त्यामुळे त्यांना दूर ठेवण्यासाठी बराच खटाटोप करावा लागतो.

जमैकातील काही जुन्या आसवनींमध्ये नेमके उलट करतात. तिथे लाकडी टाक्यांमध्ये आंबवण एक-दोन आठवडेसुद्धा चालू देतात. हवेतील आणि लाकडातील रानटी यीस्ट आणि जिवाणू तिच्यात खुशाल वाढतात. शिवाय आधीच्या खेपेला अल्कोहोल काढून घेतल्यावर भांड्यात उरलेले आंबट पाणी पुढच्या खेपेत मिसळतात. त्याला तिकडे ‘डंडर’ म्हणतात. आपल्या कारखान्यांच्या भाषेत हा ‘स्पेंटवॉश’. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघणारा, नदी-विहिरींना धोका म्हणून कुप्रसिद्ध असलेला तोच पदार्थ. त्यातला थोडासा भाग तिथे वासाचे विरजण म्हणून उपयोगी पडतो.

हे जिवाणू कार्बनी आम्ले तयार करतात. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल. ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा, नकोसा वाटणारा दर्प असतो. आता दहावीच्या पुस्तकातील एक अभिक्रिया आठवा : कार्बनी आम्ल अधिक अल्कोहोल बरोबर एस्टर अधिक पाणी. ब्युटिरिक आम्लाचा इथिल अल्कोहोलशी संयोग झाला की इथिल ब्युटिरेट हे एस्टर तयार होते, आणि त्याला अननसाचा वास असतो! दुर्गंधी आम्लातून फळाचा सुगंध निघावा, याहून चांगले उदाहरण एस्टरच्या धड्याला क्वचितच मिळेल. याच प्रकारे तयार होणाऱ्या आयसोअमाइल ॲसिटेटला पिकलेल्या केळ्याचा वास येतो, तर इथिल ॲसिटेटला नखांचा रंग काढण्याच्या द्रावणासारखा.

जमैकात रमची प्रतवारीच एस्टरच्या प्रमाणावर होते. शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे किती ग्रॅम एस्टर आहेत, ते मोजतात. सौम्य रममध्ये हा आकडा शंभराच्याही खाली असतो, तर सर्वांत उग्र प्रकारात तो सोळाशेपर्यंत जातो. ही उग्र रम सहसा तशीच पीत नाहीत. इतर रममध्ये ती मसाल्यासारखी थोडी मिसळतात.

उंच मनोरा आणि तांब्याचे भांडे

आंबवलेल्या मळीत अल्कोहोल जेमतेम सात ते दहा टक्के असते. ते वेगळे काढण्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते. आपल्या आसवनीत दिसणारे उंच मनोरे म्हणजे भागशः ऊर्ध्वपातनाचे स्तंभ. स्तंभात एकावर एक अनेक तबके असतात. प्रत्येक तबकावर वाफ थोडी थंड होते, पुन्हा उकळते आणि वर सरकते. प्रत्येक तबक म्हणजे जणू एक स्वतंत्र ऊर्ध्वपातन. माथ्यावर पोहोचेपर्यंत अल्कोहोलचे प्रमाण सुमारे पंचाण्णव टक्के होते, आणि वास देणारे बहुतेक रेणू वाटेतच वेगळे काढले जातात. उत्तम औद्योगिक अल्कोहोलची खूणच ही, की त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो.

औषधे, रसायने आणि इंधन यांसाठी असेच अल्कोहोल लागते. त्यातील उरलेले पाणीही काढून टाकले की ते पेट्रोलमध्ये मिसळता येते. भारताने २०२५ साली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची पातळी गाठली. मळीचा वास कुठे जातो, या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर हे असे आहे : तो मनोऱ्यात गाळला जातो, कारण आपल्याला तो नकोच असतो.

जुन्या पद्धतीच्या रमसाठी मात्र तांब्याचे हंड्यासारखे भांडे वापरतात. त्यात तबके नसतात, त्यामुळे विलगीकरण ढोबळ होते. अल्कोहोलबरोबर एस्टर, आम्ले आणि इतर शेकडो रेणू अल्प प्रमाणात वर येतात. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला भाग ठेवायचा, हे काम कारागिराचे नाक आणि तापमापी मिळून करतात. तांबेही नुसते भांड्याचे काम करत नाही. गंधकाच्या दुर्गंधी संयुगांशी त्याची अभिक्रिया होते आणि ती संयुगे कमी होतात.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावी. नाकाने पारख होते ती वासाची, सुरक्षिततेची नव्हे. मिथिल अल्कोहोल हे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळे.

लाकूड काय देते?

भांड्यातून निघालेली रम पाण्यासारखी रंगहीन असते. ती ओक लाकडाच्या पिंपात भरतात. बहुधा ही पिंपे अमेरिकेतून येतात. तेथील बोर्बन व्हिस्कीसाठी कायद्याने नवीनच पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे स्वस्तात मिळतात. एका पिंपात सुमारे दोनशे लिटर मावतात. पिंप आतून जाळून कोळशासारखे केलेले असते.

आता तीन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. पहिली म्हणजे लाकडातील पदार्थ रममध्ये उतरतात. लिग्निनच्या विघटनातून व्हॅनिलिन येते, म्हणजे आइस्क्रीममध्ये असतो तो व्हॅनिलाचा वास. ओकमधील एक लॅक्टोन नारळाची आठवण करून देते. युजेनॉल तर लवंगेत असते तेच. टॅनिनमुळे कात किंवा कोरा चहा यांसारखा तुरटपणा येतो. दुसरी म्हणजे जळलेला थर कोळशाप्रमाणे नकोसे रेणू शोषून घेतो. तिसरी म्हणजे लाकडाच्या छिद्रांतून हवा आत झिरपते. थोड्या अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होऊन आधी ॲल्डिहाइड, मग ॲसेटिक आम्ल बनते. ते पुन्हा अल्कोहोलशी संयोग पावते आणि नवे एस्टर तयार होतात. थोडक्यात, पिंप ही एक संथ प्रयोगशाळाच असते.

मात्र काच निष्क्रिय आहे. बाटलीत भरल्यावर हे सारे थांबते. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या हेअरवूड हाऊसच्या तळघरात २०११ साली बार्बाडोसच्या रमच्या जुन्या बाटल्या सापडल्या. ती रम १७८० सालची होती. त्यांतील काही बाटल्यांचा २०१३ साली लंडनमध्ये लिलाव झाला. पण ती रम ‘दोनशे तीस वर्षे मुरलेली’ म्हणणे चूक ठरेल. बाटलीत गेलेली वर्षे इतिहासात मोजायची, मुरण्यात नाहीत.

देवदूतांचा वाटा : एक गणित

पिंपातून हवा आत येते, तशी वाफ बाहेरही जाते. या घटीला युरोपात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे दोन टक्के असते, उष्ण कॅरिबियन बेटांवर सहा टक्के किंवा त्याहून जास्त. हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित आहे. दरवर्षीची घट शिल्लक राहिलेल्या द्रवावर मोजायची. दोनशे लिटरच्या पिंपातून वर्षाला सहा टक्के घट धरली, तर वीस वर्षांनी २०० × (०.९४)²⁰, म्हणजे सुमारे ५८ लिटर उरतात. पन्नास वर्षांनी उरतात अवघे ९ लिटर! दोन टक्के घट असती तर पन्नास वर्षांनंतरही सुमारे ७३ लिटर राहिले असते. ॲपलटनच्या त्या बाटल्या आठशेच का भरल्या, आणि त्या एवढ्या महाग का, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे.

यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. पिंपावरील वर्षे ही मुरण्याची सरळ मोजपट्टी नव्हे. उष्णतेत अभिक्रिया जलद होतात आणि लाकडातील पदार्थही लवकर उतरतात. त्यामुळे जमैकातील बारा वर्षे आणि स्कॉटलंडमधील बारा वर्षे सारखी नसतात. उष्ण हवेत फार काळ ठेवल्यास लाकडाचा कडवटपणा बाकी सर्व वासांवर मात करतो. जितके जुने तितके चांगले, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. हवेच्या आर्द्रतेचाही परिणाम होतो. दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक वेगाने कमी होते. कोरड्या हवेत पाणी आधी उडते आणि उरलेल्या द्रवाची तीव्रता वाढू शकते. समजा, बालाघाटावरच्या वैशाखातील कोरड्या उन्हात असे पिंप ठेवले, तर काय होईल? विद्यार्थ्यांनी तर्काने उत्तर शोधावे असा हा प्रश्न आहे.

चव पारखणारा काय करतो?

चव पारखणारा तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता पेला घेतो. त्यात थोडीशीच रम ओततो, म्हणजे द्रवावरच्या मोकळ्या जागेत वाफ साठते. पेला नाकापासून जरा दूर धरून तो हळूहळू जवळ आणतो. घाईने नाक खुपसले तर अल्कोहोलच्या झोताने नाक बधिर होते. मग तो काही थेंब पाणी घालतो. हे पाणी कशासाठी? स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ साली व्हिस्कीच्या संदर्भात या प्रश्नाचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की अल्कोहोल तीव्र असताना गुआयकॉलसारखे वास देणारे रेणू अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेले, द्रवाच्या आत राहतात. पाणी घातल्यावर ते पृष्ठभागाकडे येतात आणि तेथून सहज हवेत जातात.

नंतर एक लहानसा घोट. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रुचकर एवढ्याच मूळ चवी कळतात. अननस, व्हॅनिला, लवंग हे सारे कळते ते घशामागून नाकात जाणाऱ्या वाफेमुळे. माणसाच्या नाकात वासाचे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही असतात. एक रेणू अनेक ग्राहींना चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. या जोडण्यांमधून मेंदू वास ओळखतो. या ग्राहींचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घशाशी होणारी जळजळ मात्र वासही नाही आणि चवही नाही. मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीमुळे जाणवतो, तोच ग्राही उष्णताही ओळखतो. एरवी तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास चेततो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली येते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे अल्कोहोल लागलेल्या घशाला स्वतःचीच ऊब भाजल्यासारखी वाटते!

पारखणाऱ्याचे काम असे उलट्या दिशेने चालते. अननसाच्या वासावरून तो लांबलेली आंबवण ओळखतो, व्हॅनिलावरून लाकूड आणि तुरटपणावरून वर्षे. ॲपलटनमध्ये हे काम अनेक वर्षे सांभाळणाऱ्या जॉय स्पेन्स या रसायनशास्त्राच्या पदवीधर. सुरुवातीला त्यांनी रसायनशास्त्र शिकवले, १९८१ साली त्या कंपनीत रसायनतज्ज्ञ म्हणून गेल्या आणि १९९७ साली मिश्रणप्रमुख झाल्या. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. वासाचे काम दैवी देणगीवर चालते असे अनेकांना वाटते. त्यात सराव, नोंदवही आणि रसायनशास्त्र यांचा वाटा मोठा असतो.

पारख करताना डोळ्यांवर विसंबून चालत नाही. गडद रंग जळलेल्या साखरेनेही आणता येतो. जमैकाच्या नियमाप्रमाणे बाटलीवरचा आकडा हा मिश्रणातील सर्वांत तरुण रमचे वय असतो, पण सर्व देशांत तसे नसते. काही उत्पादक मऊपणासाठी साखर घालतात. युरोपीय संघाने त्यावर लिटरला वीस ग्रॅमची मर्यादा घातली आहे. साखर आहे की नाही, हे तरकाट्याने तपासता येते. साखरेने द्रवाची घनता वाढते, त्यामुळे काट्यावर दिसणारी तीव्रता बाटलीवर छापलेल्या तीव्रतेपेक्षा कमी भरते. घनतेच्या धड्याचा असाही उपयोग!

वर्गात काय करता येईल?

यांतील बहुतेक तत्त्वे गुळावर शिकवता येतात. विद्यार्थ्यांना डोळे मिटून आणि नाक चिमटीत धरून साखर, गूळ आणि काकवी यांची चव घ्यायला सांगा. तिन्ही नुसती गोड लागतील. मग नाक सोडायला सांगा. काकवीचा वास एकदम ‘येतो’, आणि चवीत नाकाचा वाटा किती मोठा आहे ते न सांगता कळते. नवा गूळ आणि वर्षभर ठेवलेला गूळ यांच्या वासातील फरक प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. दोघांचे शब्द जुळतात का, ते पाहावे. गरम पाण्यात आणि थंड पाण्यात लवंग टाकून कोणता वास आधी दरवळतो, हेही नोंदवता येईल. देवदूतांच्या वाट्याचे कोष्टक गणिताच्या तासाला द्यावे.

हा विषय शिकवताना एक गोष्ट गाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. २०२३ साली संघटनेने स्पष्ट केले, की मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. पाच हजार डॉलरच्या बाटलीतील आणि गुत्त्यावरील इथेनॉल यकृताच्या दृष्टीने एकच. रेणूला किंमत कळत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. कॅरिबियन ऊस आधी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तोडला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली. लगेच १८३८ साली करारावर बांधलेल्या भारतीय मजुरांची पहिली जहाजे गयानाला पोहोचली. पुढे त्रिनिदाद आणि जमैकाच्या मळ्यांतही असे मजूर गेले. रमच्या प्रत्येक जुन्या पिंपामागे असे हात आहेत.

आपल्याकडे ऊसतोडीचा दर २०२४ च्या करारानुसार ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनामागे साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. त्याच एका टनाच्या मळीत दहा लिटर अल्कोहोल असते. त्याचे मोल इंधनाच्या भावाने ठरायचे की सुगंधाच्या, हे ज्ञानावर अवलंबून असते. ऊस तोडणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही पडत नाही. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. औषध, अत्तर, खाद्यपदार्थ अशा अनेक उद्योगांना वास जाणणारे रसायनतज्ज्ञ लागतात. बालाघाटावरच्या एखाद्या शाळेत, हंगाम संपवून चैत्रात परतलेल्या मुलीला एस्टरचा धडा नीट समजला, तर उसाच्या या लांब साखळीत तिला कोयत्यापलीकडची जागा मिळू शकेल. त्यासाठी ती परतेल तेव्हा हा धडा तिच्यासाठी पुन्हा एकदा घ्यायला हवा.